तोटी

सकाळी अकराचा प्रयोग, दुपारी दोनचा,
मग चारचा, पाऊस नसेल तर.
एका अंगाला गाईंची स्पर्धा, दुसऱ्या अंगाला तळलेल्या पिठाचा वास,
मध्ये मी, कंपनीची केशरी टोपी, कानांवर झाकणं,
आणि रुळांवर उभी ही करवत,
जी जीपमागे बांधून कुठल्याही रानात नेता येते,
असं मी दिवसातून तीनदा सांगतो.

ओंडका लोकांनी आणायचा, फळ्या फुकट पाडून मिळतात.
व्हरमाँटच्या या टोकाला लाकडाची वाण नाही.
आज लोरेन देरोशे आल्या, ऐंशीच्या पुढच्या,
ट्रेलरवर आठ फुटी मेपल,
जुलैच्या वादळात आडवा झालेला.
"आत काही लोखंड?" मी नियमाने विचारलं.
"माझ्या माहितीत नाही," म्हणाल्या
आणि घडीची खुर्ची उघडून अगदी पुढे बसल्या,
कीर्तनाला बसावं तशा.

पहिली पाठ निघाली, सालीसकट.
पात्यावर पाण्याची बारीक धार, भुसा ओला, गोडसर.
(बल्लारशाच्या डेपोत वडील सागाच्या ओंडक्यांवर
हातोड्याने नंबर ठोकायचे.
तिथला भुसा जिभेला कडू लागायचा. मी चाखलाय.)
फळी उलटली तर तिच्यावर तपकिरी डाग,
उभे, लांबट, चहा ओघळून वाळल्यासारखे.
"कीड," मागून कुणी म्हणालं.
"कीड कसली," बाई उठल्या, "मार्च महिना आहे तो."

बोट ठेवत गेल्या एकेका डागावर.
हे भोक सासऱ्यांनी पाडलेलं, सरळ, हिशेबी.
हे माझं, लग्नाच्या वर्षीचं, तिरकं गेलंय.
बादली कलायची, निम्मा रस बर्फाला.
"आणि हे इतकं खाली?"
त्या गप्प झाल्या. मी पुढचा काप घेतला.

करवत किंचाळली.
झाकणं असूनही शिरशिरले दात,
माझेही, तिचेही.
इंजिन बंद. लाकडात अर्ध्या बोटाएवढं लोखंड,
काळं पडलेलं, भोवती पन्नास वर्षांची वर्तुळं
गोधडीसारखी गुंडाळून झोपलेलं.
रसाची तोटी. मुळाशी मोडलेली.

"रेमी!" बाईंनी हाक मारली, आणि तळलेल्या पिठाच्या रांगेतून
साठीचा, सहा फुटी गडी आला,
मिशांवर पिठीसाखर.
बघितलं. टोपी काढली. परत घातली.
"हरवली म्हणाला होतास."
"उपटताना मोडली, मा. मी सात वर्षांचा होतो."
"बादल्या धुताना एक कमी भरली. सगळा गोठा पालथा घातला मी."

कुणीतरी फळी उभी केली. कुणीतरी म्हणालं,
खाली ठोकळा सरकवा, खुंट अजून शेतातच आहे.
सरकवला. रेमी शेजारी उभा राहिला.
भोक त्याच्या पट्ट्याच्याही खाली.
झाड शेंड्याकडून वाढतं,
खालचं जिथल्या तिथे राहतं,
हे मला ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं एकदा.
रेमीने तळहात भोकावर ठेवला. मावेना.
"बर्फ कमी होता त्या वर्षी," तो म्हणाला, "म्हणून खाली गेलं."
"बर्फ कमरेएवढा होता. तू उकरून, बसून पाडलंस. आळशी."

पात्याचे अकरा दात गेले.
ओंडक्यात लोखंड निघालं तर पस्तीस डॉलर मालकाचे,
कागदावर तसं छापलंय. मी कागद दाखवला नाही.
बाईंनीच वाचला, पाटीवरचा, चष्मा पुसून.
"रेमी, दे याला पैसे.
तोटीचे पाच सेंट मी तेव्हाच कापले होते."

फळ्या ट्रेलरवर चढल्या, डागांची सगळ्यात वर.
मी नवं पातं चढवलं, ताण बघितला, पाणी भरलं.
दोनच्या प्रयोगाला ॲशचा ओंडका,
आणणारा पोरगेलासा, नवी दाढी.
"आत काही लोखंड?" विचारलं,
आणि तो "नाही" म्हणाल्यावरही
जरा थांबलो.